सापेक्षता सिद्धांत स्वतः शिकताना: प्रत्येक टप्प्याला एक आकडा

सापेक्षता सिद्धांत घरच्या घरी शिकू पाहणाऱ्यांची गाडी बहुधा दोनपैकी एका ठिकाणी अडते. काही जण चित्रफिती आणि लोकप्रिय लेखांतच रमतात. काळ मंदावतो, अवकाश वाकते ही वाक्ये त्यांना पाठ होतात, पण किती मंदावतो असे विचारले की गप्प बसावे लागते. दुसरे पहिल्याच आठवड्यात टेन्सरांचे, म्हणजे वक्र अवकाशाच्या गणिताचे, जाडजूड पुस्तक उघडतात आणि अक्षरांच्या डोक्यावर व पायाशी लटकलेल्या अक्षरांच्या जंजाळात तिसऱ्या प्रकरणापर्यंत दम सोडतात. या लेखात सुचवलेल्या मार्गाचा नियम एकच आहे: प्रत्येक टप्प्याच्या शेवटी निसर्गात प्रत्यक्ष मोजला गेलेला एखादा आकडा स्वतःच्या हाताने कागदावर काढायचा, आणि तो जुळला तरच पुढे सरकायचे. शिकवायला कोणी नसते तेव्हा आपल्याला समजले की नुसते समजल्यासारखे वाटले, हे सांगणारा दुसरा परीक्षक मिळत नाही.

तयारी आणि वहीचे पहिले पान

बारावी विज्ञान शाखेचे गणित पुरेसे आहे, पण ते कधीकाळी येऊन गेलेले नव्हे, तर आज हाताशी असलेले हवे. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून तयार झालेल्या मुलांचा बीजगणितात हात चांगला बसलेला असतो. त्यांची अडचण निराळी असते. चार पर्यायांतून मिनिटभरात उत्तर हुडकण्याची सवय येथे आडवी येते, कारण येथे एकच गणित तीन दिवस चालू शकते आणि पर्याय कोणी देत नाही. ज्यांना कॉलेज सोडून बरीच वर्षे झाली आहेत, त्यांनी पहिला महिना केवळ विकलन, संकलन, त्रिकोणमिती आणि द्विपद विस्तार यांना द्यावा. द्विपद विस्ताराचे नाव मुद्दाम घेतले आहे. एकमधून अगदी लहान संख्या वजा करून वर्गमूळ काढले, तर उत्तर जवळजवळ एक वजा त्या संख्येचा निम्मा भाग असते, हा छोटासा नियम पुढे पावलोपावली लागतो. साधा कॅल्क्युलेटर अशा वेळी फसवतो: एकमधून एक दहाअब्जांश वजा करून वर्गमूळ मागितले की तो बिनदिक्कत १ दाखवतो, आणि आपल्याला हवा असलेला सगळा परिणाम त्या हरवलेल्या अंकांतच असतो.

साहित्य फारसे लागत नाही. एक दोनशे पानी वही, एक आलेखवही, परीक्षेला चालतो तो सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि मोबाइलवर फुकट मिळणारे, आलेख व भूमितीच्या आकृत्या काढणारे जिओजेब्रा एवढे बस आहे. पायथॉन ही संगणकाची भाषा येत असेल तर पाचव्या टप्प्यापासून त्याचा उपयोग होईल. वहीच्या पहिल्या पानावर पाच संख्या ठळक लिहून ठेवाव्यात. प्रकाशवेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, सूर्याची त्रिज्या सुमारे ६,९६,००० किलोमीटर, आणि दोन लांब्या: पृथ्वीसाठी ४.४३५ मिलिमीटर व सूर्यासाठी १.४७७ किलोमीटर. या शेवटच्या दोन म्हणजे गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. वस्तुमान असे लांबीत मोजण्याची सवय आधीच लावून घेतली, तर पुढची निम्मी आकडेमोड एका ओळीत उरकते.

पहिला टप्पा: दोन गृहीतके आणि एक कण

आइनस्टाईनने १९०५ साली विशेष सापेक्षता मांडली, तिची गृहीतके दोनच आहेत: एकमेकांच्या सापेक्ष स्थिर वेगाने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांसाठी भौतिकीचे नियम सारखेच असतात, आणि निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग त्या सर्वांना एकच आढळतो. दुसऱ्या गृहीतकापाशी थांबून ते खरोखर टोचेपर्यंत विचार करावा. धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूचा वेग गाडीच्या वेगात मिळवला जातो, प्रकाशाचा मात्र मिळवला जात नाही. हे विचित्र वाटले नसेल तर वाचन फार घाईने झाले आहे.

यानंतर दोन समांतर आरशांमध्ये वर-खाली धावणाऱ्या प्रकाशकिरणाचे घड्याळ काढावे. घड्याळ आडवे सरकू लागले की बाहेरच्या निरीक्षकाला किरणाचा मार्ग तिरपा दिसतो, म्हणजे लांब दिसतो. वेग तर तोच आहे, म्हणून वेळ जास्त लागतो. काटकोन त्रिकोण काढून पायथागोरसचे प्रमेय लावले की गॅमा हा गुणक हाती येतो. वेग भागिले प्रकाशवेग या गुणोत्तराला बीटा म्हटले, तर गॅमा म्हणजे १ भागिले (१ वजा बीटाचा वर्ग) याचे वर्गमूळ. ही मांडणी पुस्तक मिटून करता आली पाहिजे. त्यानंतर लांबीचा संकोच आणि लॉरेन्ट्झ रूपांतरण यांची सूत्रे सिद्ध करावीत. बीजगणित नववी-दहावीचेच आहे.

या टप्प्याची परीक्षा म्युऑन घेतो. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात तेव्हा हे कण तयार होतात, आणि स्थिर म्युऑनाचे सरासरी आयुष्य केवळ २.२ मायक्रोसेकंद असते. उंची १५ किलोमीटर आणि वेग प्रकाशवेगाच्या ०.९९५ पट धरावा. खाली पोहोचायला सुमारे ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ २३ आयुष्ये. घातांकी ऱ्हासाच्या नियमाने आठशे कोटींहून अधिक म्युऑनांमागे जेमतेम एक जमिनीवर यायला हवा. आता गॅमा काढा. तो जवळजवळ १० येतो, म्हणजे म्युऑनाच्या स्वतःच्या घड्याळात ५ मायक्रोसेकंदच जातात, सव्वादोन आयुष्ये, आणि दहांतला एक कण खाली पोहोचतो. प्रत्यक्षात आपल्या तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जात असतो. हेच गणित म्युऑनावर बसून पुन्हा करावे: त्याच्या दृष्टीने आयुष्य तेवढेच आहे, पण वातावरणाची जाडी १५ ऐवजी दीड किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आले की हा टप्पा संपला.

दुसरा टप्पा: आलेखवही

सूत्रे येऊनही सापेक्षता समजलेली नसते, याचे कारण बहुतेक जण हा टप्पा गाळतात. मिन्कोव्स्कीने १९०८ साली अवकाश आणि काळ यांची एकत्र भूमिती मांडली, आणि ती शिकण्यासाठी आलेखवहीइतके चांगले साधन दुसरे नाही. उभ्या अक्षावर काळ घ्यावा, १ सेंटिमीटर म्हणजे १ वर्ष. आडव्या अक्षावर अंतर घ्यावे, १ सेंटिमीटर म्हणजे १ प्रकाशवर्ष. या मापात प्रकाशाची रेषा बरोबर ४५ अंशांत जाते. प्रकाशवेगाच्या ०.६ पट वेगाने निघालेले यान ५ वर्षांत ३ प्रकाशवर्षे जाते, म्हणून आरंभबिंदूपासून आडवे ३ आणि उभे ५ या बिंदूपर्यंत रेषा ओढावी.

आता पट्टी लावा. ती रेषा सुमारे ५.८ सेंटिमीटर भरते. यानातल्या घड्याळात मात्र ५.८ वर्षे गेलेली नसतात आणि ५ सुद्धा नाहीत. ४ वर्षे गेलेली असतात. येथे पायथागोरसच्या प्रमेयात अधिकच्या जागी उणे चिन्ह येते: ५ चा वर्ग वजा ३ चा वर्ग म्हणजे १६, आणि त्याचे वर्गमूळ ४. कागदावर जी रेषा जास्त तिरपी आणि जास्त लांब, तिच्यावरचा काळ तितका कमी, ही गोष्ट डोळ्यांना पटेपर्यंत अशा रेषा वेगवेगळ्या वेगांच्या काढाव्यात. ०.८ पट वेगाने ४ आडवे आणि ५ उभे घेतले तर काळ ३ वर्षे येतो. यान परत फिरवून पुन्हा उभ्या अक्षावर आणले की जुळ्या भावंडांचा प्रसिद्ध तिढा समोर उभा राहतो: ०.६ पट वेगाच्या फेरीत घरी राहिलेल्याची १० वर्षे जातात आणि प्रवाशाची ८. प्रवाशाची रेषा मोडलेली आहे, घरच्याची सरळ आहे. दोघांतला फरक कागदावर उघड दिसतो आणि 'प्रत्येकाला दुसराच तरुण दिसायला हवा' हा आक्षेप तिथेच संपतो.

त्याच वहीत एककालिकता तपासावी. यानातील माणसाला ज्या घटना एकाच वेळी घडल्यासारख्या वाटतात, त्या जोडणारी रेषा आपल्या आलेखावर आडवी राहत नाही, तिरपी होते, ०.६ पट वेगासाठी ती १० सेंटिमीटर आडवे गेल्यावर ६ सेंटिमीटर वर चढते. रोजच्या व्यवहारात हे का जाणवत नाही, तेही मोजून पाहावे. परभणी आणि पूर्णा यांच्यामध्ये ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी ५०० मीटर लांबीची गाडी घ्या. गाडीतल्या प्रवाशाच्या मते पहिल्या आणि शेवटच्या डब्यात एकाच क्षणी लागलेले दोन दिवे रुळालगतच्या माणसाच्या हिशेबाने वेगवेगळ्या क्षणी लागतात, आणि हा फरक वेग गुणिले लांबी भागिले प्रकाशवेगाचा वर्ग एवढा असतो. उत्तर येते सेकंदाच्या सुमारे साडेसहालाख-कोटीव्या भागाइतके.

तिसरा टप्पा: ऊर्जा

येथे रेंगाळू नये. ऊर्जा आणि संवेग मिळून चार घटकांचा एकच सदिश होतो, आणि ऊर्जेच्या वर्गातून संवेग गुणिले प्रकाशवेग याचा वर्ग वजा केला की प्रत्येक निरीक्षकाला तीच संख्या मिळते, एवढे नीट सिद्ध केले की पुरे. वेगाबरोबर वस्तुमान वाढते अशी मांडणी जुन्या पुस्तकांत आढळते. ती सोडून द्यावी, कारण पुढे व्यापक सापेक्षतेत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, ती निव्वळ गोंधळ घालते. परीक्षेचा आकडा सूर्याचा आहे. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पडते (मराठवाड्यात याचा पुरावा निराळा द्यायला नको). १५ कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठफळाने तिला गुणा आणि प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा: सूर्य दर सेकंदाला सुमारे ४२ ते ४३ लाख टन वस्तुमान उजेडावाटे गमावतो.

चौथा टप्पा: विहीर, मिनार आणि उपग्रह

समतुल्यतेचे तत्त्व आइनस्टाईनला १९०७ साली सुचले, आणि व्यापक सापेक्षतेचे बीज त्यात आहे: मुक्तपणे पडणाऱ्या लहानशा खोलीत, थोड्या काळापुरते, गुरुत्वाकर्षण नाहीसे होते. या वाक्यातील 'लहानशा' आणि 'थोड्या' हे शब्द शोभेसाठी नाहीत. एखाद्या रुंद विहिरीच्या काठावरून दोन मीटर अंतरावर दोन दगड एकाच वेळी सोडले आणि ते २० मीटर खाली गेले, असे समजा. दोन्ही दगड पृथ्वीच्या केंद्राकडे जातात, म्हणून त्यांचे मार्ग समांतर नसतात. हवेचा अडथळा दुर्लक्षिला तर २० मीटर पडेपर्यंत ते एकमेकांच्या किती जवळ येतात? दोन मीटरला २० मीटरने गुणून पृथ्वीच्या त्रिज्येने भागले की सुमारे ६ मायक्रोमीटर मिळतात, केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. दगडांबरोबर पडणाऱ्या निरीक्षकाला वजन जाणवत नाही, पण हे सहा मायक्रोमीटर तो कोणत्याही युक्तीने पुसू शकत नाही. गुरुत्वाकर्षणाचा जो भाग असा पुसता येत नाही, तीच अवकाश-कालाची वक्रता होय. ताणलेल्या रबरी चादरीवर लोखंडी गोळा ठेवून दाखवतात त्या चित्रापेक्षा ही विहीर किती तरी प्रामाणिक आहे. त्या चादरीवर गोळा खाली रुततो तो पुन्हा गुरुत्वाकर्षणामुळेच, आणि काळ तर चित्रात कुठेच नसतो.

समतुल्यतेतूनच उंचीवरचे घड्याळ जलद चालते असा निष्कर्ष निघतो. फरकाचे प्रमाण गुरुत्वत्वरण गुणिले उंची भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. दौलताबादचा चाँद मिनार सुमारे ६३ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्याशी आणि माथ्यावर एकेक घड्याळ ठेवले, तर माथ्यावरचे घड्याळ वर्षभरात सुमारे ०.२ मायक्रोसेकंद पुढे जाईल. हा आकडा केवळ कागदी नाही: हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी १९६० साली यापेक्षा लहान, २२.५ मीटर उंचीवर हाच परिणाम गॅमा किरणांच्या साहाय्याने मोजला.

टप्पा ओलांडण्यासाठी जीपीएसचे गणित करावे. उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या २६,५६० किलोमीटर घ्या. वर्तुळाकार कक्षेत बीटाचा वर्ग म्हणजे पहिल्या पानावरचे ४.४३५ मिलिमीटर भागिले कक्षेची त्रिज्या, त्याचा निम्मा भाग हा वेगामुळे होणाऱ्या मंदावण्याचा दर, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणले की ७.२ मायक्रोसेकंदांची पिछाडी मिळते. उंचीमुळे मिळणारी आघाडी काढताना मात्र मिनाराचे सूत्र चालणार नाही, कारण एवढ्या उंचीपर्यंत गुरुत्वत्वरण स्थिर राहत नाही, ४.४३५ मिलिमीटरला पृथ्वीच्या त्रिज्येचा व्यस्त वजा कक्षेच्या त्रिज्येचा व्यस्त याने गुणावे. आघाडी ४५.७ मायक्रोसेकंद येते. निव्वळ फरक दिवसाला ३८.५ मायक्रोसेकंद, आणि प्रकाश तेवढ्या वेळात साडेअकरा किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर मोबाइलमधल्या नकाशाचा काय बोजवारा उडेल, याची कल्पना त्यावरून यावी. पडताळा म्हणून ४२,१६४ किलोमीटर त्रिज्येच्या भूसमकालिक कक्षेसाठी, म्हणजे नाविक या आपल्या देशाच्या दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांसाठी, हेच पुन्हा करावे. उत्तर ४६ ते ४७ मायक्रोसेकंद यायला हवे.

या टप्प्यापर्यंत साधारण चार ते पाच महिने जातील. रोज एक तास सलग बसणे रविवारी सहा तास बसण्यापेक्षा फलदायी ठरते.

पाचवा टप्पा: वक्र पृष्ठभागाचे गणित

आता गणित बदलते. आंशिक विकलन, साखळी नियम, मॅट्रिक्स आणि एकाच पदात दोनदा आलेल्या अक्षरावर आपोआप बेरीज धरण्याचा संकेत, एवढ्यावर महिनाभर हात बसवावा. त्यानंतर थेट चार मितींत उडी न घेता दोन मितींच्या गोलावर राहावे, कारण टेन्सर गणितातील जवळजवळ प्रत्येक कल्पना पृथ्वीच्या पृष्ठभागावर पडताळून पाहता येते.

सर्वांत महत्त्वाची कल्पना मेट्रिकची. छत्रपती संभाजीनगरचे अक्षांश-रेखांश साधारण १९.८८ उत्तर आणि ७५.३४ पूर्व आहेत, नांदेडचे १९.१५ आणि ७७.३१. दोहोंतला फरक ०.७३ अंश आणि १.९७ अंश एवढा आहे, पण हे आकडे म्हणजे अंतर नव्हे, केवळ पत्ते आहेत. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असला, तरी आपल्या अक्षांशावर १११ गुणिले १९.५ अंशाची कोज्या, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर भरतो, आणि उत्तरेकडे जावे तसा आक्रसत जातो. फरकांना या गुणकांनी गुणून वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: सुमारे २२० किलोमीटर हे हवाई अंतर मिळेल. पत्त्यांमधील फरकाचे खऱ्या अंतरात रूपांतर करणारा, जागेनुसार बदलणारा हा गुणकांचा तक्ता म्हणजेच मेट्रिक. व्यापक सापेक्षतेत तक्ता चार बाय चारचा होतो आणि काळाच्या रकान्यात उणे चिन्ह येते. कल्पना तीच राहते.

यानंतर क्रम न चुकवता तीन गोष्टी कराव्यात. पहिली, गोलाची ख्रिस्टोफेल चिन्हे, म्हणजे मेट्रिक जागेनुसार कसे बदलते ते सांगणारी पदे, हाताने काढणे. ध्रुवापासून मोजलेला कोन थीटा आणि रेखांश फाय धरले तर शून्येतर उत्तरे दोनच प्रकारची येतात: एक उणे ज्या-थीटा गुणिले कोज्या-थीटा आणि दुसरे कोस्पर्शज्या-थीटा (कॉट). दुसरी, जिओडेसिक समीकरण, म्हणजे वक्र पृष्ठभागावरच्या सरळात सरळ मार्गाचे समीकरण, मांडून विषुववृत्त आणि सर्व रेखावृत्ते ते पाळतात, पण १९.५ अंशांचे अक्षवृत्त पाळत नाही, हे दाखवणे. नकाशावर सरळ दिसणारी आडवी रेषा जमिनीवर सरळ नसते, हे येथे समीकरणातून उमगते. तिसरी, रीमान वक्रता काढून तिचे एका संख्येतले सार, म्हणजे रिची अदिश, दोन भागिले त्रिज्येचा वर्ग येतो, याची खात्री करणे. मग त्याच कृतीने दंडगोलाची वक्रता काढावी. ती शून्य येते, कारण कागद न चुरगाळता गुंडाळला तरी त्यावरची भूमिती बदलत नाही. ज्यांना याचे आश्चर्य वाटते त्यांनी थोडे थांबावे, कारण वक्रता मोजायला बाहेरून पाहावे लागत नाही, ही या विषयातली सर्वांत खोल गोष्ट आहे.

पायथॉनमधील सिम्पाय ही बीजगणित करणारी प्रणाली सगळी आकडेमोड क्षणात करून देते. ती वापरावी, पण गोल आणि दंडगोल हाताने झाल्यावरच. आधी वापरली तर चिन्हांची चूक कुठे झाली हे ओळखण्याची नजर तयार होत नाही.

पुस्तक निवडण्याचा प्रश्न याच टप्प्यावर गंभीर होतो. पुस्तके बहुतांशी इंग्रजीत असली तरी गणिताची इंग्रजी सोपी असते. दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हाती आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: स्वाध्यायांची उत्तरे निदान काही ठिकाणी दिली आहेत काय, गोलाचे उदाहरण सविस्तर सोडवले आहे काय, आणि क्षेत्र समीकरणाआधी कक्षांचे गणित येते काय. तिन्हींना होकार असेल तर पुस्तक एकट्याने वाचण्याजोगे आहे. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्यातले उदाहरण समोर आले की चित्रफीत थांबवून आधी स्वतः सोडवावे. अनेक विद्यापीठांत एम.एस्सी. गणिताला सापेक्षतेचा एक पेपर असतो, त्यामुळे जवळच्या महाविद्यालयाच्या गणित विभागात विचारणा केली तर अडलेली पायरी दाखवणारे कोणी तरी भेटते. जाताना 'मला टेन्सर समजत नाही' असे न सांगता अडलेली ओळ वहीत दाखवावी. उलट 'आइनस्टाईन चुकला' असे सांगणारे जे लेख मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये, लिहिणाऱ्याला ३८.५ मायक्रोसेकंद काढून दाखवायला सांगितले की विषय आपोआप मिटतो.

सहावा टप्पा: बुध आणि सूर्याकाठचा प्रकाश

कार्ल श्वार्झशिल्डने पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना गोलाकार वस्तूभोवतीच्या अवकाश-कालाचे मेट्रिक शोधले आणि ते १९१६ साली प्रसिद्ध झाले. स्वयंअध्ययनात हे मेट्रिक आधी जसेच्या तसे स्वीकारावे; ते कुठून आले हा प्रश्न पुढच्या टप्प्यावर ढकलावा. ४० संभाव्य ख्रिस्टोफेल चिन्हांपैकी येथे ९ शून्येतर असतात. ती काढता येतात, पण ऑइलर-लाग्रांज समीकरणांच्या वाटेने गेल्यास ऊर्जा आणि कोनीय संवेग हे दोन स्थिरांक लगेच मिळतात आणि काम निम्म्यावर येते.

अंतराचा व्यस्त हे नवे चल घेतले की कक्षेचे समीकरण न्यूटनच्या समीकरणासारखेच दिसते, फक्त उजवीकडे एक लहानसे जादा पद येते: तीन गुणिले १.४७७ किलोमीटर गुणिले त्या चलाचा वर्ग. हे पद लहान समजून सोडवले की बुधाचा उपसूर्यबिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, प्रत्येक फेरीत किती सरकतो ते मिळते: सहा पाय गुणिले १.४७७ किलोमीटर, भागिले कक्षेचा अर्ध दीर्घाक्ष गुणिले (१ वजा विकेंद्रितेचा वर्ग). अर्ध दीर्घाक्ष ५ कोटी ७९ लाख किलोमीटर, विकेंद्रिता ०.२०५६ आणि परिभ्रमणकाल ८७.९७ दिवस ठेवा, शतकातील ४१५ फेऱ्यांनी गुणा, रेडियनचे विकलांत रूपांतर करा. ४३ विकला येतात. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, आणि खगोलशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून छळणारी बुधाची हिशेबाबाहेरची चाल तेवढीच होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाईनने हाच आकडा काढला. तो आपल्या वहीत उतरतो तेव्हा तेवढे दिवसभर कोणाशी दुसरे काही बोलू नये, असा माझा सल्ला आहे.

प्रकाशाचे वळण त्यामानाने सोपे. चार गुणिले १.४७७ भागिले ६,९६,०००, आणि विकलांत रूपांतर: १.७५. आइनस्टाईनने १९११ साली केवळ समतुल्यतेवरून काढलेले उत्तर याच्या निम्मे होते. राहिलेला निम्मा भाग अवकाशाच्या वक्रतेतून येतो, आणि मेट्रिकमधील कोणत्या पदातून तो आला हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावरून घेतलेल्या छायाचित्रांनी पूर्ण उत्तराच्या बाजूने कौल दिला. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाईनच्या शोधनिबंधांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९२० साली कोलकात्यात छापले गेले. मूळ निबंध वाचण्याची हौस असेल तर ती आता भागवावी, आधी नव्हे.

सातवा टप्पा: क्षेत्र समीकरण आणि तरंग

क्षेत्र समीकरणाच्या डाव्या बाजूला वक्रता आणि उजव्या बाजूला ऊर्जा-संवेग असतो. ते समजून घेण्याचा सोपा मार्ग उलट्या दिशेने जातो: श्वार्झशिल्डचे मेट्रिक त्यात ठेवून रिची टेन्सरचा प्रत्येक घटक शून्य येतो हे तपासावे, आणि मग दुर्बळ क्षेत्रात हे समीकरण न्यूटनच्या नियमावर येऊन टेकते हे सिद्ध करावे. तेथून सपाट मेट्रिकवर लहानसा क्षोभ मिळवला की गुरुत्वीय तरंगांचे, म्हणजे अवकाश-कालातून पसरणाऱ्या लहरींचे, समीकरण निघते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा याच तरंगांना टिपण्यासाठी आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे टिपलेल्या पहिल्या तरंगाने लांबीत एकावर एकवीस शून्ये एवढ्या भागांत एक भाग फरक पडला. चार किलोमीटरला हे प्रमाण लावले तर प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा हिस्सा येतो.

त्या दिवसाची निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत, आणि पायथॉनमध्ये आलेख काढून ३५ ते ३५० हर्ट्झच्या बाहेरचा गोंगाट गाळला की चढत्या वारंवारतेची खूण डोळ्यांना दिसते. हा तरंग एकमेकींभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन वस्तूंनी निर्माण केला, आणि वारंवारता किती वेगाने चढते यावरून त्यांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या किमान ७० पटींच्या आसपास येते. शेवटी तरंगाची वारंवारता सुमारे १५० हर्ट्झ असते, म्हणजे वस्तू सेकंदाला ७५ वेळा एकमेकींभोवती फिरत असतात. केप्लरचा नियम पहिल्या पानावरच्या लांब्यांत मांडा: ७० गुणिले १.४७७ किलोमीटर, गुणिले प्रकाशवेग भागिले कोनीय वेग याचा वर्ग, आणि घनमूळ. दोघींमधले अंतर सुमारे ३५० किलोमीटर निघते. एवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या त्रिज्यांची बेरीज २ गुणिले ७० गुणिले १.४७७, म्हणजे सुमारे २०७ किलोमीटर. एवढ्या जागेत एवढे वस्तुमान मावू शकेल असा दुसरा कोणताही ज्ञात तारा नाही, न्यूट्रॉन तारासुद्धा नाही, कारण त्याचे वस्तुमान सूर्याच्या दोन-तीन पटींच्या पुढे जात नाही.